रद्द कागदांची मागची बाजू

६ सप्टेंबर १९९९, सोमवार

अजोआचं पुस्तक आलं! लंडनहून पार्सल, आत सहा प्रती. तिने एक प्रत उचलली आणि सरळ तराजूवर ठेवली — ज्यावर आम्ही चीजचे न् लबनेचे, म्हणजे इथल्या चक्क्याचे, नमुने तोलतो, त्याच. २१४.६ ग्रॅम.

"चार वर्षं," ती म्हणाली, "आणि दोनशे चौदा ग्रॅम! माझं उत्पादन फार कमी आहे, मंजुषा."

कुबरा आमची असिस्टंट, हैदराबादची. ती म्हणे, "कव्हर निकाल के तोलो मॅडम, नेट वेट आएगा." हसून हसून पोट दुखलं.

दोन वर्षं ही बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. घानाच्या समुद्रकाठची, मायक्रोबायॉलॉजीतली डॉक्टरेट. सोमवारी जन्मली म्हणून अजोआ. तिच्याकडे वारावरूनच नाव ठेवतात. माझ्या आजोळीही सोम्या, बुध्या होतेच की! ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी कादंबऱ्या लिहिते हे मला उडत उडत माहीत होतं. पण कधी लिहिते? घर, नोकरी, मुलगा, सगळं माझ्यासारखंच. आज विचारलं.

"ऑटोक्लेव्ह चालू असताना."

ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा अगडबंब प्रेशर कुकर. काचेची भांडी त्यात निर्जंतुक करायची. तापून, शिजून, थंड होईपर्यंत सव्वा तास जातो, आणि ड्युटीवरच्या माणसाने खोली सोडायची नाही असा नियम. मग काय करायचं? डायलकडे बघत बसायचं. अकरा वर्षं मी डायलकडे बघते आहे! ही तिथेच स्टुलावर बसली आणि पुस्तक लिहून मोकळी झाली.

माझ्या सगुणाच्या गोष्टीची बारा पानं कॉलेजपासून ट्रंकेत पडली आहेत. उद्या ऑटोक्लेव्हची ड्युटी माझी आहे.

७ सप्टेंबर

दीड पान!

२४ सप्टेंबर, शुक्रवार

कागदाचाही प्रश्न सुटला. जूनमध्ये छापून आलेल्या नोंदींच्या तक्त्यांत एक रकाना चुकला होता, अख्खा गठ्ठा फुकट गेला. प्रत्येक तक्त्यावर एक तिरकी रेघ, 'रद्द', सही, तारीख, आणि रवानगी कच्च्या कामाला. मागची बाजू कोरी करकरीत. त्यावर सगुणा झकास चालली आहे. देवगडजवळच्या गावातली चौदा वर्षांची पोर. वडील दत्ताराम इकडे शारजात बोटीवर. गावच्या विहिरीला वास येतो आणि तो का येतो हे तिला शोधायचंच आहे. गोठ्यात लॅब थाटली आहे कार्टीने.

आणि घरी? वैभवीने अजोआचं पुस्तक दोन दिवसांत संपवलं. मासेमारांच्या गावातली मुलगी, बोटीची इंजिनं दुरुस्त करणारी. जेवताना पुस्तक, दात घासताना पुस्तक. "मम्मा, शी इज सो कूल! तुझी फ्रेंड आहे ना? बोलाव ना तिला!"

मी म्हटलं, मीही लिहिते आहे, चौदाच वर्षांच्या मुलीची गोष्ट. तर म्हणते, "इन मराठी? मम्मा, इट्स सो हार्ड. इंग्लिशमध्ये लिही ना, मग मी वाचेन."

नाही लिहिणार! सगुणाच्या तोंडात इंग्लिश घालू? शाळेत हिंदी आहे तिला, अक्षरं चांगली येतात. हार्ड कसलं आलंय? कंटाळा म्हणतात त्याला!

जळफळले, हे इथे लिहून टाकते. अजोआवर जळले. जिने मला कागद-पेन हातात घ्यायला लावलं तिच्यावर! लाज वाटली आणि तरी जळलेच.

४ ऑक्टोबर

हे अजोआला सांगून टाकलं. मनात ठेवायला मला जमत नाही. ती रागावली नाही. म्हणाली, "माझी आई माझं पुस्तक उशाशी घेऊन झोपते. तिला फक्त फांटी भाषा येते. एक ओळ वाचू शकत नाही ती. शेजारणींना कव्हर दाखवते."

मग थोड्या वेळाने, "तू कोणासाठी लिहितेस ते तुला माहीत आहे. तेवढं पुरेसं आहे."

माहीत आहे. म्हणून तर त्रास होतो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

वैभवीच्या बीजगणिताच्या वहीत पांढरा व्हाइटनर! या घरात व्हाइटनर चालणार नाही हे तिला पहिलीपासून माहीत आहे. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, नावाचं अक्षर, तारीख. झालं. चूक लपवायची नसते. आमच्या लॅबमध्ये एवढ्यावरून नोकरी जाते. "धिस इज नॉट अ लॅब, मम्मा!" म्हणे. असू दे. बाटली कचऱ्यात टाकली.

त्याच रागाच्या भरात पहिली चाळीस पानं तिच्यापुढे ठेवली. वाच म्हटलं, मग बोल. तिने ती अॅटलासखाली सरकवली. जेवण झाल्यावर पाहिलं, तिथेच. तशीच उचलून निळ्या फाइलीत परत ठेवली.

वैभवीने माझं एक पानही वाचलेलं नाही. वाचणारही नाही.

ठीक आहे. मी थांबणार नाही.

२ नोव्हेंबर

पान ६१ सापडत नाही! सातव्या प्रकरणातलं. सगुणा पहिल्यांदा विहिरीचं पाणी बाटलीत भरून शाळेत नेते आणि मास्तर वर्गासमोर हसतात, ते पान. सगळ्यांत चांगलं उतरलेलं. निळी फाइल चारदा उपसली. वॉशिंग मशीनमागे बघितलं, रद्दीत बघितलं.

आणि फाइलीची नाडी कोणीतरी वेगळीच बांधली आहे! पान ४४ वर नारिंगी बोटाचा ठसा. चिप्सचा मसाला. चारुदत्तला धरलं. शारजाच्या मॅचच्या वेळी चिप्स चरत कोण बसलेलं होतं?

"मी? मंजू, मला तुझं अक्षरच लागत नाही. किराण्याच्या यादीत 'जिरं' लिहितेस ते मी 'विरजण' वाचतो."

नवरा खोटं बोलला तर त्याचे कान लाल होतात. नव्हते झाले. मग कोण?

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

करंज्या छान झाल्या. पान नाही.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

पान सापडलं. कुठे म्हणावं? ऑडिटरच्या हातात!

लॅबच्या नोंदी तपासायला आलेला गोरा साहेब, नाकावर चष्मा. लबनेची फाइल मागितली, एकेक तक्ता बघत गेला, थांबला, कागद उलटा केला. मागे माझी मराठी, वरपासून खालपर्यंत.  काय झालं ते त्याच क्षणी कळलं. त्या एका तक्त्यावर 'रद्द'ची रेघ मारायची राहून गेली होती. मागे मी सातवं प्रकरण लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत, पुढच्या बाजूच्या रिकाम्या रकान्यांत, लबनेचे आकडे भरले. माझ्याच हाताने! सही ठोकली, फाइलीला लावला.

आमचे मॅनेजर जमाल साहेब, जॉर्डनचे, तसा माणूस वाईट नाही, ते पांढरेफटक. "सिस्टर मंजुषा, व्हॉट इज धिस?"

कुबराने लगेच सुटकेचं दार उघडून दिलं मला. "सर, वो मॅडम का राशन का लिस्ट है. गलती से आ गया." बिचारी! मी मान डोलावली असती तर तिथेच संपलं असतं. किराण्याच्या यादीवर कोण काय बोलणार?

पण सगुणाला यादी म्हणू? जिरं, विरजण, सगुणा?

"इट इज अ नॉव्हेल," मी म्हणाले. "पान एकसष्ट. मी लिहिते. ऑटोक्लेव्ह चालू असताना."

 मग मागून अजोआ म्हणाली, "मीपण. माझं छापून आलंय. हवं तर तराजूवर ठेवून दाखवते."

ऑडिटर हसला! पण शेरा मारलाच — रेकॉर्डच्या कागदाचा गैरवापर. चूक माझीच होती, ती लिहून दिली. पान मात्र पुरावा म्हणून फाइलीत सीलबंद होऊन रेकॉर्डच्या खोलीत गेलं. मागणार नाही मी. पुन्हा लिहीन.

१८ नोव्हेंबर

पान ६१ पुन्हा लिहायला घेतलं. मास्तर हसतात इथपर्यंत येतं, आणि पुढे सगुणा रडायला लागते. पहिल्या खेपेला ती रडली नव्हती. काहीतरी बोलली होती. काय बोलली होती तेच आठवत नाही!

१२ डिसेंबर, रविवार

रमजान चालू, कामाचे तास कमी. दोन वाजता निघायच्या घाईत एचआरचा रफिक टेबलाशी आला. हातात दोन पत्रं, एक मला, एक अजोआला. "मॅडम, सिंपल फॉर्मॅलिटी. साइन करो, खलास."

वाचलं. "कंपनीत नोकरी करत असेपर्यंत मी कोणत्याही प्रकारचं लेखन किंवा प्रकाशन करणार नाही." कोणत्याही प्रकारचं! ही रोजनिशीसुद्धा बसते त्यात! मुदत मंगळवारची. सही नाही तर नोकरी नाही.

माझा व्हिसा चारुदत्तच्या नावावर आहे. माझी नोकरी जाईल, देश सोडावा लागणार नाही. अजोआचा व्हिसा कंपनीचा. तिने नाही म्हटलं तर महिन्याच्या आत बॅगा भरायच्या, मुलाची शाळा अर्ध्यावर. आणि तिला यात ओढलं कोणी? माझ्या पान ६१ ने.

घरी चारुदत्त म्हणाला, "सही करून टाक गं. तुझ्या स्वयंपाकघरात येऊन कोण बघणार आहे?" बरोबर आहे त्याचं. बघणार कोणीच नाही. पण ज्या हाताने मी खोटा आकडा लिहीत नाही त्याच हाताने ही खोटी सही करू? वैभवी शेजारी बसून ऐकत होती. तिला मी काय शिकवलं मग, बीजगणितात?

१४ डिसेंबर, मंगळवार

काल कंपनीच्या व्हॅनमध्ये सुचलं. आज सकाळी अजोआला सांगितलं. ती टेबलावर थापा मारत हसली.

आमच्याच लॅबचा नियम! पत्रात चूक आहे ना? मग चूक दुरुस्त करायची. पेन काढलं. "कोणत्याही प्रकारचं लेखन किंवा प्रकाशन" यावर एक सरळ रेघ, खालचं स्वच्छ वाचता येईल अशी. वर लिहिलं, "कंपनीच्या कागदावर खाजगी लेखन". नावाचं अक्षर. तारीख. आणि खाली पूर्ण सही. अजोआने तिच्या पत्रावर तेच. मग मी तिच्या दुरुस्तीला साक्षीदार, ती माझ्या. नियमात तेही आहे.

रफिक पत्राकडे बघतच राहिला. "मॅडम, ये चलेगा क्या?" मी म्हटलं, जाऊन विचार. ऑडिटरलाही विचार हवं तर!

जमाल साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. पत्र हातात. मी उभीच होते. 

"हा नियम तुम्हाला कोणी शिकवला?"

"तुम्हीच, सर. पहिल्या दिवशी."

कपाळाला हात लावला त्यांनी. "यल्ला, जा. फाइलला लावा." मग आम्ही दारात असताना, "पण उद्यापासून ऑटोक्लेव्ह कुबराकडे. सिस्टर मंजुषा, तुम्ही रिसेप्शनला. नमुन्यांची नोंदणी."

अकरा वर्षं सूक्ष्मदर्शकाशी घालवून रिसेप्शन! शिक्षाच आहे. पण अजोआ राहिली. आणि लेखनावरची बंदी गेली. बसते मी रिसेप्शनला, बघू कोण आधी कंटाळतं ते!

१ जानेवारी २०००

जग बुडलं नाही. इनक्युबेटर सदतीसवरच आहे.

१ फेब्रुवारी

रिसेप्शनला श्वास घ्यायला फुरसत नाही. पण करामातलं घर ते हमरियातली लॅब, जायला तास, यायला दीड! आता व्हॅनमध्ये लिहिते, स्वतःच्या पैशाच्या वहीत. अक्षर पार तिरपागडं. ड्रायव्हर खैरुद्दीनला उत्सुकता. "मॅडम, रोज क्या लिखते हो?" एक दिवस हिंदीत थोडी गोष्ट सांगितली. आता दार उघडतानाच विचारतो, "सगुणा का पानी का क्या हुआ?" परवा तर सिग्नल हिरवा झालेला त्याला कळलाच नाही.

कुबरा ऑटोक्लेव्हशी बसून क्रोशाचा रुमाल विणते. जमाल साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं म्हणे.

६ मार्च, सोमवार

सगुणा पूर्ण! एकशे अठ्ठ्याऐंशी पानं, सुवाच्य अक्षरात. ६१ सोडून. पाचदा लिहिलं, पाचही वेळा सगुणा रडली. माझी सगुणा रडत नाही. शेवटी साठानंतर एकदम बासष्ट ठेवलं आणि पुण्याच्या प्रकाशकांना प्रत पाठवली. मूळ कागद निळ्या फाइलीत.

अजोआने पाठवायच्या आधी गठ्ठा तराजूवर ठेवला. ९३१ ग्रॅम. "तू जिंकलीस," म्हणाली.

१२ एप्रिल, बुधवार

पुण्याचं पत्र. "लेखन चांगले आहे. परंतु किशोरवयीन वाचकांना पाण्याच्या तपासणीत कितपत रस वाटेल, याबद्दल साशंक आहोत. नायिका वडिलांच्या आठवणीने व्याकूळ होते असे दाखवल्यास कथानक अधिक हृदयस्पर्शी होईल." म्हणजे, रडवा तिला!

नाही रडणार! जमाल साहेबांचं ऐकलं नाही ते यांचं ऐकू? आणि एकसष्टावं पान नाही, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही! पत्रात एक अक्षर नाही त्याबद्दल. सगळी पानं उलटली तरी का?

१४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी अजोआ आली होती. नव्या पुस्तकाची कच्ची पानं वैभवीसाठी घेऊन. वैभवी तिच्या गळ्यातच पडली. दोघी गॅलरीत दोन तास. मी पोहे केले, चहा केला, कांदा चिरताना डोळे पुसले. कांद्याचं निमित्त बरं असतं.

कंपनी, ऑडिटर, प्रकाशक, सगळ्यांशी भांडायला मला बळ आहे. मजा येते, खरं सांगायचं तर. पण जिच्यासाठी लिहिलं तिलाच नको असेल तर भांडू कोणाशी? जबरदस्तीने घास भरवायला ती आता लहान नाही.

निळी फाइल बॅगेत घातली. माळ्यावरची मोठी, पुण्याला जायची. कुलूप लावलं. वैभवी दारात उभी राहून बघत होती.  

पुरे आता. उद्या या रोजनिशीची मागची पानं मोजून ठेवते — सप्टेंबरपासून किती दिवस घालवले त्याचा आकडा तरी कळू दे.

१५ एप्रिल, शनिवार

व्हॅनमध्ये मोजायला बसले. मी मागचं कधी वाचत नाही. आज पहिल्यांदा उलटलं.

१९ ऑक्टोबर. "वैभवीने माझं एक पानही वाचलेलं नाही. वाचणारही नाही." त्यावर एक सरळ रेघ. खालचं स्वच्छ वाचता येतं. वर, बारीक देवनागरीत:

"साठ वाचली. ६१ कुठे आहे? वै. ११/११/९९"

त्याच्याखाली वेगळ्या पेनाने:

"कळलं. लॅबच्या फाइलमध्ये. सगुणा काय बोलली ते मलाही पाहिजे. वै. १९/११/९९"

खैरुद्दीनला सांगितलं, आज रिसेप्शनशी थांबू नकोस. मागच्या दाराशी सोड. रेकॉर्डची खोली तिथे आहे.